मेणातला तायग

"सायकल आतच घे! बाहेर ठेवलीस तर बकरी दोऱ्या खाईल," अर्ध्या दारावरून गोब्नित ओरडली. "आणि त्याला जपून उतरव हं. दगडावर आपटू नकोस."

'त्याला' म्हणजे यंत्राला, अशी फिनीनची समजूत झाली. समुद्राकडून येणारा वारा अंगावर घेत, सायकल ढकलत तो चढ चढून आला होता. कॅरियरवर लाकडी पेटी, पेटीत आवाज भरून घ्यायचं भोंग्याचं यंत्र, वजनाला बटाट्याच्या पोत्यापेक्षा भारी. त्याने दोऱ्या सोडल्या, पेटी पोटाशी धरून उंबरा ओलांडला आणि धापा टाकत म्हणाला, "देव या घराचं भलं करो, घरधनीणबाई."

"तुझंही करो. टेबलावर नको, तिकडं चुलीजवळ ठेव. त्याच्या खुर्चीवर."

चुलीच्या उजव्या अंगाला तिच्या नवऱ्याची, तायगची, गवती दोरीने विणलेली खुर्ची होती. तो गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. मांजर एकदा चढलं होतं, त्यालाही गोब्नितने झाडूने हाकललं होतं. आज मात्र खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरलेला होता. फिनीनने जरा बिचकतच पेटी त्यावर ठेवली.

तायगला जाऊन महिना झाला होता. महिन्याची प्रार्थना सकाळी चर्चमध्ये झाली, आणि आता दुपारी शेजारीपाजारी चहाला येणार होते. युद्धामुळे चहा रेशनवर, माणशी चिमूटभर. गोब्नितने महिनाभर आपल्या वाटणीचा चहा तोंडाला लावला नव्हता, त्याची पुडी फडताळात जपून ठेवली होती. पाव भाजून झाले होते, लोणी काढून झालं होतं. पण यापेक्षा मोठा कारभार तिने सकाळी चर्चच्या दारात उभ्याउभ्या करून टाकला होता. जो भेटेल त्याला ती सांगत सुटली होती, "दुपारी या सगळे. तायग बोलणार आहे."

"अगं, पण दिवसाढवळ्या?" शेजारची पेग म्हणाली होती. गोष्ट सांगायची ती हिवाळ्यात, रात्री, चुलीपाशी. दिवसा सांगितली तर घराला बाधते, हे त्या डोंगरावर पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"मेलेल्या माणसाला काय गं दिवस आणि रात्र!" गोब्नित म्हणाली, आणि पेगची बोलती बंद झाली. पेगची बोलती बंद होणं ही केरी परगण्यात रोज घडणारी गोष्ट नव्हती.

फिनीन पलीकडच्या खोऱ्यातला, शेतकऱ्याचाच मुलगा. डब्लिनच्या एका ऑफिसने त्याला नेमलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जुन्या गोष्टी मेणाच्या नळ्यांवर भरून घ्यायच्या, घरी नेऊन कानाला रबरी नळ्या लावून ऐकायच्या, शब्द न् शब्द आयरिशमध्ये कागदावर उतरवायचा आणि कागद नि मेण दोन्ही डब्लिनला पाठवायचं, हे त्याचं काम. तायगसारखा गोष्ट सांगणारा साऱ्या केरीत नाही, असं तो म्हणायचा. तसं तो प्रत्येक म्हाताऱ्याबद्दल म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून.

पहिल्या रात्री त्याने तायगला त्याचाच आवाज परत ऐकवला होता. तायग भोंग्याला कान लावून बसला आणि हळूहळू त्याच्या भुवया वर चढल्या. "हा कोण थेरडा?" तो म्हणाला, "आणि माझी गोष्ट का सांगतोय?" बसलेली माणसं हसून हसून लोळली. गोब्नित हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता. माणूस इकडे तोंड मिटून बसलेला आणि त्याचा आवाज तिकडे पेटीतून येतोय! तायगची छाती तेव्हाच पोखरलेली होती, आणि डॉक्टरने तिला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या तिने ठरवलं, की माणूस जाणारच असेल तर जाऊ दे, पण आवाज मी जाऊ देणार नाही.

मग तिने चहासारखाच त्याचा आवाजही काटकसरीने वापरायला काढला. एकडोळ्या राजपुत्राची लांबलचक गोष्ट भरून व्हायची होती, आणि तायगला चार वाक्यं बोलली की धाप लागायची. "बोलू नकोस, घसा राख, रात्री फिनीन येणार आहे," हे ती दिवसातून किती वेळा म्हणत असेल त्याला गणती नाही. सकाळी तो गायीबद्दल काही बोलू लागला की हिचं बोट ओठांवर. दुपारी त्याला काहीतरी जुनं आठवून हसू फुटलं की पुन्हा बोट. तायग बिचारा ऐकायचा. शेवटच्या दिवसांत त्या घरात दिवसभर फक्त घड्याळ बोलत होतं.

"बस," गोब्नित फिनीनला म्हणाली. तिने दाराची वरची फळीसुद्धा लावून घेतली. "चहा नंतर. ते सगळे यायच्या आधी मला एकटीला ऐकायचंय. शेवटची नळी लाव. गाय चरात पडली त्या दिवसाची."

तो दिवस फिनीनलाही आठवत होता. गोष्ट ऐन रंगात आली होती आणि बाहेर गाय हंबरायला लागली. गोब्नित धावली, तिच्यामागे फिनीनही धावला. यंत्र बंद करायचं राहून गेलं. दोघं चिखलाने माखून परत आले तर तायग भोंगा हातात धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

फिनीन गेल्यावर तिने विचारलं होतं, "एवढं काय झालं हसायला?"

"घरात मला बोलायची चोरी," तायग म्हणाला. "म्हणून त्याच्याजवळ बोललो. तुलाच बोललोय. डब्यात आहे. मी गेल्यावर ऐक."

"आता सांग की!"

"बोलू नकोस, घसा राख," तो हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याच आठवड्यात तो गेला.

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता तिने ते फिनीनला सांगितलं, घाईघाईने, एप्रनला हात पुसत, लग्नाच्या मुलीसारखं लाजत. म्हातारपणी असं लाजायची वेळ आली म्हणून तिची तिलाच गंमत वाटत होती.

फिनीनने टोपी काढली. त्याचा चेहरा पाहून कोणालाही कळलं असतं की काहीतरी चुकलंय. पण गोब्नित पेटीकडे पाहत होती.

"मी तायगना आणलंय, बाई," तो म्हणाला. त्याने पिशवीतून तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा काढला. "अख्खी गोष्ट आहे. एक प्रत डब्लिनला गेली, ही तुमच्यासाठी मी पुन्हा लिहिली. शाईने."

गोब्नितने गठ्ठा उलगडून पाहिला. शाळेत तिला छड्या मारून इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. स्वतःची भाषा वाचायला कोणी शिकवलंच नव्हतं. ओळी सरळ होत्या, खाडाखोड नव्हती. "छान आहे," ती म्हणाली. "अक्षर झकास आहे तुझं. आता नळी लाव."

"नळ्या डब्लिनला जातात."

"ते मला ठाऊक आहे. परत आणली असशील ना. पुरायच्या दिवशीच म्हटलं होतं मी तुला, महिन्याला येशील तेव्हा तायगला घेऊन ये. तू हो म्हणालास."

"मला वाटलं, तुम्ही कागद म्हणताय."

"कागदाला कोणी तायग म्हणतं का रे?"

फिनीन म्हणायचा. त्याच्या घरी खाटेखाली आणि खाटेवर सगळीकडे कागदांचे गठ्ठे होते, आणि त्यांना तो माणसांच्याच नावांनी ओळखायचा. तो टोपी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "ती नळी आता नाही, बाई."

"नाही म्हणजे? फुटली?"

"तासली. लिहून झालं की नळ्या तासतात. मेणाचा वरचा थर काढून टाकला की ती पुन्हा गुळगुळीत होते, पुन्हा वापरता येते. आता युद्धामुळे नव्या नळ्या बाहेरून येत नाहीत. आणि... आधीही तासतच होते. पहिल्यापासून अशीच रीत आहे."

चुलीवर किटलीचं झाकण थडथड उडत होतं. गोब्नित त्याच्याकडे बघत उभी राहिली. पाणी उतू जाऊन निखाऱ्यांवर पडलं, वाफेचा लोट उठला, तरी किटली उतरवावी हे तिला सुचलं नाही. शेवटी फिनीननेच उठून ती उतरवली.

"कोण तासतं?" तिने विचारलं.

"ऑफिसात एक माणूस आहे."

"कसा आहे?"

"अं? चांगला आहे. शांत माणूस आहे."

"त्याला माहीत असतं, कोणाला तासतोय ते?"

फिनीनने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर इथे बोलता आलं असतं. "नळीच्या डबीवर चिठ्ठी असते," तो म्हणाला. "नावाची. ती आधी काढून टाकतो."

"म्हणजे माहीत असतं."

गोब्नित खुर्चीशी गेली. तिने पेटीचं झाकण उघडलं. आत यंत्राशेजारी डब्यांमध्ये तपकिरी मेणाच्या नळ्या उभ्या होत्या. तिने एक बाहेर काढून हातात घेतली. गुळगुळीत होती, नव्या साबणाच्या वडीसारखी, आणि तिला आठवत होती त्यापेक्षा पातळ.

"ही कोण होती?"

"सांगता येत नाही, बाई."

"तायग असेल?"

"असेलही. नसेलही."

"लाव."

"तिच्यावर काही नाही हो—"

"लाव म्हणते ना."

फिनीनने नळी चढवली, चावी दिली, सुई टेकवली. गोब्नितने भोंग्याला कान लावला. खसखस आली. सुई मेणावरून जाते तेवढीच, दुसरं काही नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने हात वर केला, जणू काही ऐकू आलं. फिनीननेही श्वास रोखला. काही नव्हतं. नळी संपली तेव्हा ती म्हणाली, "दुसरी." दुसरीही तशीच गेली. तिसरी लावायला त्याने हात घातला तेव्हा तिने मान हलवली आणि ती चुलीपुढच्या स्टुलावर मटकन बसली.

"मेण टिकत नाही, बाई," फिनीन कळवळून म्हणाला. त्याला तिची समजूत काढायची होती, आणि थोडी स्वतःचीही. "दर वेळी वाजवलं की झिजतं. दहा-वीसदा ऐकलं की नुसती घरघर उरते. कागद टिकतो. तुमचीआमची माती होईल, तेव्हाही तायगची गोष्ट तिथं असेल, जशीच्या तशी. जो उघडेल त्याला वाचता येईल."

"मला दहा-वीसदा नको होतं रे," गोब्नित म्हणाली. "एकदाच पाहिजे होतं."

फिनीनने यंत्रावरची नळी काढून डब्यात ठेवली.

"आणि शब्दांचं मला काय कौतुक सांगतोस? शब्द मला पाठ आहेत. जन्मभर इथं बसून मोजे विणलेत मी, तो बोलत होता तेव्हा. शब्द घेऊन काय करू? जशीच्या तशी म्हणालास, खोकला लिहिलायस त्याचा?"

"खोकला कसा लिहिणार?"

"मग तो तायग नव्हेच. शेवटी शेवटी तायग निम्मा खोकलाच होता." बोलताबोलता ती एकदम थांबली. तिच्या ध्यानात काहीतरी आलं होतं. ती पुढे झुकली आणि तिने फिनीनचं मनगट धरलं. "पण तू ऐकलंस! तू तर कानात नळ्या घालून बसतोस. मी गायीकडे गेले होते तेव्हा तो काय बोलला? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," फिनीन म्हणाला. "पण लिहिलं नाही. ती गोष्ट नव्हती."

"लिहिलं नाहीस ते कळलं. काय होतं ते विचारतेय."

फिनीनने टोपीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "ते म्हणाले, की तुम्ही जन्मभर चांगली साथ दिलीत. तुमच्यासारखी बायको मिळाली, हे देवाचे फार मोठे उपकार—"

"थांब." गोब्नितने त्याचं मनगट सोडलं. "हे कुठल्या पुस्तकातलं?"

फिनीनने टोपी उलटीपालटी केली.

"तायग असं बोलला असता तर मी त्याच रात्री डॉक्टरला उठवलं असतं. खोटं नको सांगूस. तू आता खोटं सांगितलंस ना, तर माझ्याजवळ तेवढंच राहील."

फिनीनचे कान लाल झाले. तो वयाने तिशीचा, पण त्या क्षणी छडीची वाट पाहणाऱ्या शाळकरी पोरासारखा दिसत होता. "नाही आठवत, बाई," तो म्हणाला. "देवाशपथ नाही आठवत. तुमचं नाव होतं, दोनदा आलं. गायीला एक शिवी होती. आणि ते हसत होते, त्यामुळे पुढचं नीट कळत नव्हतं. मला वाटलं, हे घरातलं आहे, नवराबायकोचं आहे, आपण कशाला ऐकायचं. मी पेन खाली ठेवलं आणि गोष्ट पुन्हा सुरू होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो."

सभ्य माणूस होता तो. भोंग्यातून येणाऱ्या म्हाताऱ्याकडेसुद्धा त्याने पाठ फिरवली होती. एखादा चोंबडा माणूस या कामावर असता तर किती बरं झालं असतं, असं गोब्नितच्या मनात आलं, आणि तिला त्याचा राग येईना, म्हणून आणखीच वाईट वाटलं.

"हसत होता?"

"हो."

"मोठ्याने, की नाकातल्या नाकात?"

फिनीनने आठवून पाहिलं. "नाकातल्या नाकात."

"हं. मग खरं सांगतोयस."

तिने किटलीचं झाकण नीट बसवलं. मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "मी त्याला दिवसभर गप्प बसवला, फिनीन. याच्यासाठी. तो सकाळी तोंड उघडायचा, मी मिटवायची. माझ्याशी जे बोलायचं होतं ते तो याच्याशी बोलला, आणि यानं ते तासायला दिलं."

"मला माहीत नव्हतं, बाई."

"मला तरी कुठं होतं."

दारावर थाप पडली. पाठोपाठ पेगचा आवाज आला. "दार का गं लावलंय? दोघंच आत काय करताय? महिनाच झालाय हो बाई, थोडी तरी कळ काढायची!" बाहेर हशा पिकला. गोब्नित उठली, तिने एप्रन सारखं केलं आणि दार उघडलं.

माणसं आत आली. प्रत्येक जण आपापल्या नेहमीच्या जागी गेला, कोणाला सांगावं लागलं नाही. म्हातारा दोनखा चुलीच्या डाव्या बाजूच्या बाकावर बसला आणि त्याने आपले लांबलचक पाय जमिनीवर पसरले. तो बसला की निम्मी जमीन त्याच्या पायांखाली जायची. पुरुषांची नजर खुर्चीवरच्या पेटीकडे गेली आणि एकेकाने टोपी काढली. तिथे खरंच कोणी बसलं असावं तशी.

"कुठाय आमचा तायग?" दोनखा म्हणाला. "बोलवा लवकर. माझं फावडं त्याच्याकडे राहिलंय, तेही विचारून घेतो."

सगळे हसले. फिनीन गोब्नितच्या कानाशी पुटपुटला, "यंत्र बिघडलंय म्हणून सांगतो."

"काही बिघडलेलं नाही," गोब्नित मोठ्याने म्हणाली. ती घराच्या मधोमध उभी होती. "तायग आज बोलणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. त्यांनी त्याचा आवाज ऐकून लिहून घेतला आणि मग पुसून टाकला. तशीच रीत आहे त्यांची. मला माहीत नव्हतं. फिनीननं लिहून आणलंय ते तो वाचून दाखवील. चहा आहे, पाव आहे. कोणी उपाशी जाऊ नका."

दोनखाने काढलेली टोपी हळूच पुन्हा डोक्यावर घातली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत काढली.

"पुसला?" पेग म्हणाली. "पुसला म्हणजे?"

"पाटी पुसतात तसा."

पेगने छातीवर क्रूस काढला. मग तिचा चेहरा बदलला. "आणि माझ्या आईच्या प्रार्थना?" तिने फिनीनला विचारलं. पेगची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि जायच्या आधी एका दुपारी या भोंग्यासमोर बसून तिने आपल्या सगळ्या जुन्या प्रार्थना म्हटल्या होत्या. "त्या आहेत ना?"

"लिहिल्यात," फिनीन म्हणाला. "सगळ्या लिहिल्यात. एकही सुटली नाही."

पेगने दोन्ही हातांनी शाल गळ्याशी घट्ट धरली आणि ती खाली बसली. एका दिवसात दुसऱ्यांदा तिची बोलती बंद झाली होती, पण या वेळी त्याची मजा कोणाला वाटली नाही.

गोब्नितने चहा केला. महिनाभर साठवलेली पुडी तिने सगळीच्या सगळी किटलीत रिकामी केली. चहा काळाकुट्ट झाला, युद्धाआधी व्हायचा तसा, आणि लोकांनी तो मयताच्या घरी पितात तसा, मान खाली घालून प्यायला. मग ती फिनीनला म्हणाली, "वाच."

फिनीन खुर्चीवरची पेटी उचलायला गेला.

"ती राहू दे तिथं. तू स्टूल घे."

तो वाचू लागला. सुरुवातीला त्याचा आवाज चर्चमधल्या वाचनासारखा ताठ होता. मग हळूहळू वाक्यं मोकळी झाली. शब्द तायगचेच होते, एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता. एकडोळ्या राजपुत्राने आईचा निरोप घेतला, आईने अर्धी भाकर आशीर्वादासकट दिली, सगळं जिथल्या तिथे. पण फिनीन ते चांगलं वाचत होता, आणि तायग कधी चांगलं सांगत नसे. तो अडखळायचा, मध्येच पाइप दगडावर ठोकायचा, राक्षस आला की उगाच आवाज बारीक करायचा. गोब्नितला वाटलं, तायगचा कोट घालून कोणी परका माणूस घरात आलाय, आणि कोट त्याला बरोबर बसतोय, म्हणून त्याला हाकलताही येत नाही.

तरी माणसं ऐकू लागली. गोष्टच तशी होती. पेगने डोळे पुसले आणि ती पुढे सरकून बसली. दोनखाचा पाइप विझला तरी त्याला कळलं नाही. गोब्नितने विणकाम घेतलं, कारण हात रिकामे ठेवून ती गोष्ट कशी ऐकायची हे तिला माहीत नव्हतं. फिनीन वाचत होता, "मग त्यांनी शीड चढवलं. मागे वळून पाहिलं तर जमीन मुठीएवढी दिसत होती. पुन्हा पाहिलं तर वाटाण्याएवढी. पुन्हा पाहिलं, तर नव्हतीच."

गोब्नितने विणकाम खाली ठेवलं आणि ती उठली. दोनखाने तिला वाट द्यायला पाय आखडून घेतले. ती चुलीशी गेली, टोपलीवर वाकली आणि तिने जळणासाठी दलदलीतून कापून आणलेलं वाळकं पीटचं ढेकूळ उचललं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की कोणी काही म्हणालंच नव्हतं.

तायग इथे थांबायचा. दर वेळी, याच जागी. जहाजावरची माणसं भर समुद्रात तशीच सोडून तो चुलीकडे पाहायचा आणि म्हणायचा, "गोब्नित, ढेकूळ टाक." चूल धडधडून पेटलेली असली तरी म्हणायचा. मग ती उठायची, दोनखा कुरकुरत पाय आखडायचा, ढेकूळ पडलं की ठिणग्या उडायच्या, आणि तेव्हा कुठे जहाज पुढे जायचं. फिनीनच्या मेणावरही हे सगळं भरलं गेलं असणार. पण ती गोष्ट नव्हती.

फिनीन आणखी दोन वाक्यं एकटाच वाचत गेला. मग कोणी ऐकत नाही हे कळून त्याने मान वर केली. गोब्नित हातात ढेकूळ घेऊन चुलीपुढे उभी होती. पेगने तोंडावर हात धरला होता.

"काय झालं?"

"इथं तो थांबायचा," दोनखा म्हणाला.

"थांबून काय म्हणायचे?" फिनीनने विचारलं. त्यानेही ते ऐकलं असणार, पण गोष्टीबाहेरचं म्हणून सोडून दिलं होतं.

दोनखाने गोब्नितकडे पाहिलं. सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते शब्द माहीत होते, आणि कोणीही ते उच्चारले नाहीत.

फिनीनने खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि पानाच्या कडेला टेकवली. "सांगा ना, बाई," तो म्हणाला. "मी लिहितो. निदान एवढं तरी लिहू द्या मला."

"नको."

"पण मग ती पुरी होणार नाही."

"न होईना." गोब्नितचा आवाज मऊ होता, फिनीनवर तिचा राग उरला नव्हता. "लिहिलंस की तू वाचशील. उद्या डब्लिनचा कोणीतरी वाचील. मग मी काय, वाटेल त्याच्या सांगण्यावरून उठू?"

तिने हातातलं ढेकूळ परत टोपलीत ठेवलं, एप्रनवर हात झटकले आणि ती आपल्या जागी जाऊन बसली. फिनीनने पेन्सिल खिशात टाकली आणि बोट फिरवत तो सुटलेली ओळ शोधू लागला.

"वाच पुढं," गोब्नित म्हणाली.

दोनखाने पाय अजून आखडूनच धरले होते.